शून्यही लिहायचं असतं

एमएस्सीला इकॉलॉजी घेतली असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे वाघ बघायला मिळणार?" बार्शीत आमच्या गल्लीत त्याला जोडून दुसराही यायचा. "आणि नोकरी कुठं, कात्रजच्या सर्पोद्यानात?" पप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी बीएड करावं अशी त्यांची इच्छा होती आणि त्यांचं काही चूकही नव्हतं. बीएस्सी झूलॉजी झालेल्या मुलीला आमच्याकडे दोनच वाटा माहीत असतात, बीएड नाहीतर लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स. मी तिसरी धरली. आता सगळं आटोपलंय आणि आमच्या जुन्या कॉलेजच्या मुली अधूनमधून फोन करून विचारतात की ताई, तिथं नेमकं करतात काय? नेमकं सांगायचं तर मोजतात. आणि जे मोजता आलं नाही त्याचाही हिशेब ठेवतात. हा दुसरा भाग मला आधी कुणी सांगितला नव्हता, म्हणून लिहितेय.

पुण्यात या विषयाकडे जायचे रस्ते बरेच आहेत. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात झूलॉजी करता करता इकॉलॉजीकडे वळता येतं. गरवारे कॉलेजात जैवविविधतेची वेगळी एमएस्सी आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थेतली मुलं बारावीनंतर थेट पाच वर्षांसाठी येतात, त्यांचं गणित आपल्यापेक्षा पक्कं असतं आणि ते मान्य करून त्यांच्याशी मैत्री करावी, पुढे आकडेमोडीला उपयोगी पडते. नमुना ओळखता आला नाही तर आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मी यांपैकी नेमकी कुठे होते ते सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही येणार आहेत.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी वाघाचा विषय काढला आणि मिटवलाही. गोष्ट राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पाची. पूर्वी आपल्याकडे वाघ पाऊलखुणांवरून मोजत. वनरक्षक काचेवर ठसा उतरवून घेत, प्लॅस्टरचे साचे काढत, आणि हा ठसा अमुक वाघाचा, तो तमुक वाघिणीचा असं ठरवत. 2004 च्या गणनेत सरिस्कात डझनाहून जास्त वाघ होते. कागदावर. 2005 उजाडलं तेव्हा लक्षात आलं की जंगलात एकही उरलेला नाही, शिकाऱ्यांनी सगळे संपवलेत. त्यानंतर पद्धत बदलली, आणि 2006 पासून कॅमेरा ट्रॅपमधल्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या, फोटोंतल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्या काढायला लागले. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की ते लोक खोटारडे नव्हते, बहुतेकांनी मनापासून ठसे मोजले होते. पण त्या पद्धतीत "मला सापडलं नाही" असं लिहायला जागाच नव्हती. मग त्यांनी फळ्यावर रिकाम्या फील्डशीटचा नमुना काढला आणि म्हणाल्या, "एखादी फेरी मारली आणि काहीच दिसलं नाही, तर वेळ, हवामान, अंतर सगळं भरायचं आणि संख्येत शून्य लिहायचं. पान कोरं परत आणलं तर मी फेरी धरणार नाही."

वर्गात हसले सगळे. शून्याची पानं घेऊन यायला कोण पुण्यात येतं?

पहिलं सत्र बहुतेक जमिनीलगतच गेलं. पिटफॉल ट्रॅप म्हणजे रसवंतीवाल्याकडचे प्लॅस्टिकचे ग्लास जमिनीत तोंडापर्यंत पुरायचे आणि सकाळी आत पडलेले भुंगेरे, कोळी, मुंग्या वेगळ्या करायच्या. बर्लीज फनेल म्हणजे एक नरसाळं, त्यात पालापाचोळा ठेवून वर बल्ब लावायचा, उजेड आणि उष्णता टाळत किडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. हे सगळं पुस्तकात असतं तसंच होतं, त्यात विशेष काही नाही. विशेष वाटलं ते नाकतोड्यांचं प्रात्यक्षिक.

गणेशोत्सव संपून गवत अजून हिरवं असताना आम्हाला मोकळ्या मैदानात नेलं. जाळीने नाकतोडे पकडायचे, मानेमागच्या ढालीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचे. नेलपॉलिश आमचंच, मुलांनी तोंडं वेडीवाकडी केली पण ठिपके द्यायला तेच पुढे. दोन दिवसांनी परत जाऊन पुन्हा पकडायचे आणि त्यात ठिपकेवाले किती ते बघायचं. समजा पहिल्यांदा 60 जणांना खूण केली, दुसऱ्यांदा 50 सापडले आणि त्यात 10 खुणेचे निघाले, तर एकूण संख्या 60 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे 300. एवढंच. डेन्मार्कच्या पीटरसननी 1896 मध्ये माशांवर हा विचार मांडला, अमेरिकेत लिंकननी 1930 मध्ये पायात कडी घातलेल्या बदकांवरून तो वापरला. चौथीच्या मुलालाही जमेल असं त्रैराशिक आहे. खरी परीक्षा अटींची. मधल्या काळात कुणी बाहेरून आलं नाही ना, गेलं नाही ना, खूण पुसली नाही ना, एकदा पकडलेला दुसऱ्यांदा पकडायला अवघड झाला नाही ना. आमच्या गटाने पिल्लांनाही ठिपके दिले होते. नाकतोड्याचं पिल्लू कात टाकतं, ठिपका कातीबरोबर जातो आणि आकडा फुगतो. मॅडमना हे ठाऊक होतं. त्यांनी आधी सांगितलं नाही, आकडा फुगू दिला आणि मग प्रत्येकाला विचारत बसल्या की एवढे नाकतोडे या मैदानात कुठे आहेत ते दाखवा.

थोडं विषयांतर. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायला पुण्यातून दरवर्षी माणसं जातात, मीही गेलेय. रात्र फार छान जाते. पण एकच भेकर तीनदा पाण्यावर आलं तर ते एक की तीन? आणि जे आलंच नाही त्याचं काय? संस्कार म्हणून, जंगलाची ओळख म्हणून जरूर जावं. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून आला की मात्र माझ्या कपाळाला आठ्या पडतात, आता इलाज नाही.

हिवाळ्यात कवडीपाटला जायचो. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. शहरातून वाहत आलेलं सगळं पाणी तिथे फेसाळून उतरतं. वास असा की नवीन आलेल्याने रुमाल काढायचाच. आणि त्या पाण्यात चक्रवाकाची जोडी, थापट्यांचे थवे, हळदीकुंकू बदकं, चित्रबलाक, आणि शेकाट्ये तर मोजता मोजता पुरेवाट व्हायची. आम्हाला विविधतेचा शॅनन निर्देशांक काढायचा होता. 1948 मध्ये क्लॉड शॅनननी तारायंत्राच्या संदेशांसाठी काढलेलं सूत्र आहे ते, पुढे जीवशास्त्रवाल्यांनी उचललं. प्रत्येक जातीचा वाटा घ्यायचा, त्याला त्याच्याच लॉगने गुणायचं, बेरीज करायची, चिन्ह बदलायचं. कवडीपाटचा आकडा ऐटबाज आला. पाषाण तलावापेक्षाही बरा.

मग काय, नदी स्वच्छ आहे म्हणायचं? या सूत्राला नावं दिसत नाहीत, फक्त वाटे दिसतात. पाच जातींचे सारखेच पक्षी असले तर आकडा तोच येणार, मग त्या पाच जातींत चक्रवाक असो की कावळा. सांडपाण्याच्या गाळात चरणाऱ्यांची चंगळ होते, स्वच्छ पाण्यातल्या माशांवर जगणाऱ्यांची होत नाही. कोण आलंय याइतकंच कोण आलं नाही हे बघावं लागतं, आणि ते सूत्राच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. हे मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं. माळावर गेल्यावर पूर्ण कळलं.

सिद्धान्ताचे पेपर मी इथे भराभर उरकते. शिकार आणि शिकारी यांची समीकरणं, जीवनतक्ते, लोकसंख्येची वाढ, स्पर्धा, हे सगळं चांगलं शिकवलं गेलं. वर्तनाच्या पेपरात सालिम अलींचं किहीमचं सुगरणीवरचं काम वाचलं, 1931 मध्ये छापलेलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत बसते आणि नर ते पुरं करून दुसरं घरटं विणायला घेतो. कुठलंही महागडं यंत्र न वापरता, वसाहतीपाशी दिवसचे दिवस बसून काढलेलं आहे हे. संख्याशास्त्र मात्र आम्हाला स्लाइड वाचून शिकवलं. सर स्लाइड वाचायचे, आम्ही फोटो काढायचो. "आर" नावाचं सॉफ्टवेअर प्रत्यक्षात शिकलो ते होस्टेलच्या गच्चीवर, आयसरच्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, रात्री अकरानंतर. विभागाच्या चांगल्या दुर्बिणी कपाटात असायच्या आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते नेमके शनिवारी रजेवर. फील्ड शनिवारीच असायची. शेवटी आम्ही चौघींनी मिळून जुन्या बाजारातून एक घेतली, तिचा डावा डोळा जरा आंधळा होता पण दोन वर्षं निघाली.

दुसऱ्या वर्षी लांडग्यांच्या विष्ठेचं प्रात्यक्षिक होतं. स्कॅट म्हणतात सगळे, मीही तेच म्हणते. सासवडच्या पुढच्या माळरानावर, पायवाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे, एखाद्या उठून दिसणाऱ्या दगडावर किंवा गवताच्या झुबक्यावर लांडगा ती टाकतो, दुसऱ्या लांडग्यांना वाचता यावी म्हणून. कुत्र्याच्या विष्ठेत भाकरीचा, पिठाचा अंश असतो. लांडग्याची टोकाला निमुळती आणि केसांनी गच्च. हातमोजे आणि मास्क सक्तीचे, कारण त्यात फीतकृमींची अंडी असू शकतात आणि ती माणसाला भोवतात. प्रत्येक नमुना कागदी पिशवीत, पिशवीवर तारीख, जागा आणि अक्षांश-रेखांश.

लॅबमध्ये आधी ओव्हनमध्ये वाळवायचं, मग बारीक चाळणीवर वाहत्या पाण्याखाली धुवायचं. माती, पचलेलं सगळं वाहून जातं आणि उरतात केस, हाडांचे तुकडे, खूर, कधी उंदराचे दात. केस ॲसिटोनने धुऊन वाळवले की खरं काम सुरू. काचपट्टीवर जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, त्यावर केस ठेवायचा, थर सुकला की केस अलगद उचलून घ्यायचा. मागे खवल्यांचा ठसा उरतो. आतला गाभा बघायला तोच केस झायलीनमध्ये बुडवून वेगळ्या पट्टीवर घ्यायचा. सशाचा केस एकदा पाहिला की विसरत नाही, गाभ्यात कणसावरच्या दाण्यांसारख्या ओळीच ओळी. मेंढीच्या बारीक लोकरीत गाभा जवळपास नसतोच. शेळी आणि चिंकारा यांच्यात मात्र डोळे फुटायची वेळ येते. त्यासाठी ओळखीच्या प्राण्यांच्या केसांच्या संदर्भ-पट्ट्या शेजारी ठेवून एकेक जुळवावं लागतं. मान अवघडते, दुपारचं जेवण चारला होतं, आणि हाताला येणारा वास लिंबाने घासला तरी जात नाही. होस्टेलच्या मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नसे असे काही आठवडे होते.

आमच्या नमुन्यांत शेळी-मेंढीचे केस भरपूर निघाले. इथे घाई करणारा माणूस लिहून मोकळा होईल की लांडगे जनावरांवरच जगतात. पण केस सांगतो काय खाल्लं, मारून खाल्लं की मेलेलं खाल्लं हे सांगत नाही. मेलेली मेंढी लोक माळावरच टाकतात. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकतात आणि तिथे लांडगे, खोकड, तरस आणि गावची कुत्री सगळ्यांचीच पंगत असते. कुत्र्यांचा हा शेजार पुढे कुठवर जातो तेही पुणे जिल्ह्यात दिसलंय, 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून इथे लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं सिद्ध झालं.

माझा प्रबंध मात्र लांडग्यांवर नव्हता. परवानग्या, कॅमेरे, वेळ, काहीच एमएस्सीच्या सहा-सात महिन्यांत बसत नाही. मी माळावरचे पक्षी घेतले. प्रश्न साधा होता. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि माळांवर ठिकठिकाणी ग्लिरिसिडिया लावलाय, म्हणजे आपली उंदीरमारी. भराभर वाढते, खडकाळ जमिनीत तगते, जनावरं फारशी तोंड लावत नाहीत, फेब्रुवारीत गुलाबी फुलते आणि फोटोत छान दिसते. मोकळं गवत आणि ही लागवड यांत पक्ष्यांचा काय फरक पडतो, एवढंच बघायचं होतं.

परवानगीच्या पत्राने एक कार्यालय ते दुसरं कार्यालय अशी वारी केली. एका ठिकाणी अर्ज परत आला कारण त्यात "वन्यजीव" शब्द होता, मग तो तिथे नको, वर पाठवा. वरून परत आला कारण मी काही पकडणार नव्हते, मग परवानगी कशाला मागता? गवत कापणीला आलं तेव्हा कागद हातात पडला.

काम असं. ठरवलेल्या सरळ रेषेवरून सकाळी हळूहळू चालायचं. पक्षी दिसला की जात, संख्या, तो किती मीटरवर आहे ते रेंजफाइंडरने, आणि रेषेपासून किती अंशांवर ते होकायंत्राने. मग अंतराला कोनाच्या साइनने गुणलं की रेषेपासूनचं लंबांतर मिळतं. लंबांतराची ही यादी महत्त्वाची, कारण जवळचे पक्षी जवळपास सगळे दिसतात, लांबचे सुटतात. किती सुटतात याची वक्ररेषा याच यादीतून काढता येते आणि मग न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी एका जातीच्या साठ-ऐंशी तरी नोंदी लागतात.

एकटीने माळावर फिरायचं नाही ही घरची अट होती, होस्टेलच्या रेक्टरचीही. वर्गातला एक मित्र त्याच्या दुचाकीवरून यायचा, पेट्रोल माझं. त्याचा स्वतःचा विषय बेडूक, त्यामुळे कोरड्या माळावर त्याला करण्यासारखं काही नसायचं आणि तो मेंढपाळांशी गप्पा मारत बसायचा. खरं सांगायचं तर माझ्या प्रबंधातली निम्मी शहाणी वाक्यं त्या गप्पांतून आलीत.

पुरंदरच्या बाजूला तेव्हा विमानतळाच्या जमिनीवरून वातावरण तापलेलं होतं. गळ्यात दुर्बीण, हातात रेंजफाइंडर आणि वही घेऊन शिवारातून सरळ रेषेत चालणारी मुलगी म्हणजे कोण, हे लोकांनी लगेच ठरवलं. एक म्हातारे बाबा काठी टेकत आडवे आले.

"काय मोजताय ताई?"

"पाखरं मोजतेय बाबा."

"इमानतळाच्या मोजणीच्या तर न्हाई ना?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं. काही पानांवर वेळ, तारीख, वारा, ढग आणि पुढे नुसतं शून्य. "कायच घावलं न्हाई तरी लिवलंय व्हय," असं म्हणून ते दगडावर टेकले. मग विश्वास बसला असावा, कारण धाविक हा माळावरचा पक्षी कुठे दिसतो ते त्यांनीच दाखवलं. मेंढ्या चारून गेलेल्या आखूड गवताच्या पट्ट्यात. मी उंच गवतात शोधत होते. धाविकाला पळायला मोकळी जमीन लागते, पाच-सात पावलं तुरुतुरु पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, परत पळतो. बाबांच्या मेंढ्या त्या माळावर फिरत होत्या म्हणून तो तिथे होता.

डोंबारी चंडोल मला सगळ्यात आवडला. चिमणीएवढा, नराचं पोट काळं, डोकं राखी. सरळ वर चढतो, पंख मिटून दगड सोडल्यागत खाली येतो, जमिनीला लागणार असं वाटतं तोच पुन्हा वर, आणि खाली येताना एक लांब शीळ. घरटं जमिनीवर, ढेकळाच्या नाहीतर गवताच्या आडोशाला. हिवाळ्यात वरून भोवत्ये तरंगत फिरायचे, मध्य आशियाकडून आलेले, आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरून झोपायचे. हे सगळे पक्षी झाड टाळतात असं म्हणायला हरकत नाही. त्यांना उघडं रान लागतं, चारी बाजू दिसाव्या लागतात.

नोंदी संगणकात भरल्या तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली, उन्हाळ्यात चंडोल जास्त मोजले गेले होते. पण गवत चरून, कापून, काही ठिकाणी जळून गेल्यावर लांबूनही पक्षी दिसतो, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवतात पंधरा-वीस मीटरवरचाही दडतो. लंबांतराची दुरुस्ती केल्यावर हंगामाहंगामातला तो फरक जवळजवळ विरघळला. म्हणजे वाढली होती ती नजर. पक्षी तेवढेच होते.

दुसरी गोष्ट जास्त गोंधळात पाडणारी. ग्लिरिसिडियाच्या लागवडीत पक्ष्यांच्या जाती माळापेक्षा जास्त निघाल्या. बुलबुल, सातभाई, शिंपी, नाचण, कोतवाल, मुनिया. शॅननचा आकडाही वर. कवडीपाटसारखंच. आता यावरून कुणीही खुशाल म्हणावं की माळ ओसाड होता, झाडं लावली आणि जैवविविधता वाढली. वृक्षारोपणाच्या फलकाखाली छापायला उत्तम वाक्य. पण डोंबारीच्या रकान्यात लागवडीच्या सगळ्या फेऱ्यांत शून्य होतं. माळटिटवी शून्य, धाविक शून्य. आणि हे शून्य गवतात लपल्यामुळे आलेलं नव्हतं, कारण लागवडीखाली गवत उरलंच नव्हतं, नजर मोकळी होती. बुलबुल माझ्या होस्टेलच्या पेरूवरही आहे. शिंपी सदाशिव पेठेतल्या कुंडीतही घरटं करतो. त्यांना त्या माळाची गरज नाही. डोंबारीला दुसरी जागा नाही.

सरकारी कागदात असल्या जमिनीला पडीक म्हणतात, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशी माळरानं भरलेली आहेत. मी सोलापूर जिल्ह्यातली. माझं आजोळ नान्नजच्या अंगाला, आणि आजीने लहानपणी ज्वारीच्या रानात माळढोक पाहिलेला. नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. मी तिथे कितीदा गेले तरी मला तो दिसलेला नाही. आजी म्हणते तुला बघता येत नाही. वादात कोण पडणार!

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर शांत गृहस्थ होते. त्यांनी पक्ष्यांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, की तुमच्या लागवडीतल्या सगळ्या रेषा एकाच टेकडीवर असत्या तर त्यांना वेगवेगळे नमुने म्हणता आलं असतं का? नमुने खरोखर वेगळे कधी मानायचे यावरचा हर्लबर्टचा 1984 चा लेख मॅडमनी आम्हाला दोनदा वाचायला लावलेला होता. एकाच टेकडीवरच्या दहा रेषा म्हणजे दहा टेकड्या नव्हेत. म्हणूनच वेगवेगळ्या टेकड्या घेतल्या होत्या आणि म्हणूनच पेट्रोलचा खर्च आईपासून लपवावा लागला होता. दुसरं वाक्य मी मनात म्हटलं. मग त्यांनी परिशिष्ट उघडलं, शून्यांची पानं बोटाने चाळली आणि म्हणाले, "हे सगळं छापायची काय गरज होती? सारांशात चाललं असतं." मॅडमकडे बघितलं तर त्या चहा ओतत होत्या. मी म्हटलं, सर, दुसऱ्या कुणाला दहा वर्षांनी याच रेषेवर चालायचं असेल तर मी कुठे, कधी, किती वेळ शोधलं हे त्याला कळायला हवं. त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, धाविकाची घनता का काढली नाही? नोंदी पुरत नव्हत्या, म्हणून. एवढ्यावर सुटले.

निकालानंतरचं थोडक्यात. पीएचडीच्या रांगेत आहे, नेटची परीक्षा एकदा देऊन झालीय. मधल्या काळात पोटापाण्यासाठी एका सल्लागार कंपनीकडे पक्षी-प्राण्यांच्या पाहणीची कामं घेते. प्रकल्प उभारायचा तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल लागतो, आणि त्यातली मूळ माहिती साधारणपणे एका हंगामाची घेतात, तीही पावसाळा सोडून. पावसाळा सोडून! बेडूक, गवत, फुलं, निम्मे किडे, कितीतरी पक्ष्यांची घरटी, सगळं ज्या चार महिन्यांत जमिनीवर येतं तेच चार महिने वगळायचे. मग एप्रिल-मे महिन्यात दोन-तीन दिवस फिरून यायचं आणि तक्त्यात लिहायचं, "संकटग्रस्त प्रजाती आढळल्या नाहीत."

वाक्य खोटं नाही. आढळल्या नाहीत हे खरंच असतं. पहिल्या कामाच्या वेळी मी तिथल्या साहेबांना विचारलं की याच्या शेजारी किती तास, किती अंतर, कुठल्या हंगामात शोधलं हे लिहू का? ते म्हणाले, फॉरमॅटमध्ये तसा रकाना नाही, मॅडम. आता मी विचारत नाही. तक्त्याला तो रकाना स्वतःच जोडते आणि पाठवते. कधी तो छापून येतो, कधी मधेच कुणीतरी गाळतं. पैसे दोन्ही वेळेला तेवढेच मिळतात, दीड महिना उशिराने.